झाकणाखालचा पांढरा थर

माझा नवरा दूध आणायला पायी जातो. दुकान काही फार लांब नाही, पण पाऊस असला, गुडघा सुजलेला असला, तरी पायीच. शेडमध्ये मोटरसायकल उभी असते, पण एवढ्याशा कामासाठी तो तिला हात लावत नाही. का, तर म्हणे थंड इंजिन सुरू करून पाच मिनिटांत बंद करणं म्हणजे त्याला विष घालणं. आत ओलावा धरतो, तेल चांगलं तापल्याशिवाय तो उडून जात नाही, आणि मग आतल्या आत सगळं कुजत जातं. हे कीर्तन मी चौतीस वर्षं ऐकते आहे. आमच्या वुडिना गावात कोणी नवी मोटरसायकल घेतली की लायल त्याला गाठून हेच ऐकवतो. समोरच्याने विचारलेलं असो वा नसो.

पण माणूस नुसता बोलघेवडा नाही, हे मान्य करायला हवं. आमची गाडी जर्मन, दोन सिलिंडरची. लग्नानंतर लगेच घेतलेली. त्या वयाच्या बाकीच्या गाड्या कधीच भंगारात गेल्या, आणि हिचं इंजिन अजून मूळचं, कंपनीतून आलेलं. तेल मुदतीच्या आधी बदलणार, वॉल्व्हची फट स्वतः मोजणार, इंजिन गरम झाल्याशिवाय जोरात पळवणार नाही, आणि तापल्यावर उगाच जागेवर घुरघुरत ठेवणार नाही. काट्यावर पाच लाख किलोमीटर व्हायला थोडेच उरले होते. सप्टेंबरात नलारबोरचं माळरान ओलांडून आम्ही पर्थला जाणार होतो. वाटेत कुठेतरी पाच लाख पुरे होणार होते. त्या प्रवासासाठी मी हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातली नोकरीसुद्धा सोडली.

मी चालवत नाही, मी मागे बसते. मागे बसणाऱ्या बाईच्या हातात ना ब्रेक असतो, ना हँडल. समोरून धान्याचा तीन डब्यांचा ट्रक येत असतो आणि आपला जीव एका माणसाच्या पाठीवर सोपवून आपण निवांत बसलेलो असतो. म्हणून लग्नाआधीच मी लायलला सांगून ठेवलं होतं, की बाबा रे, माझ्याशी खोटं बोललास तर बायको म्हणून राहीनही कदाचित, पण तुझ्या मागे बसणार नाही. तो तेव्हा हसला होता. मी हसले नव्हते.

त्यामुळे या हिवाळ्यात, आमच्याकडे तो जूनमध्ये येतो, माझ्या मनात पाल चुकचुकली तेव्हा माझ्यापुढचा प्रश्न साधा होता. सप्टेंबरात या माणसाच्या मागे बसायचं की नाही?

आधी तो गोड वागायला लागला. आमच्या हेल्मेटांत एकमेकांशी बोलायची सोय आहे. इतकी वर्षं त्यातून मला एकच ऐकू यायचं, "ग्लेन, जरा जिभेला विश्रांती दे." जूनच्या मोठ्या सुट्टीत आम्ही समुद्रकाठी एलिस्टनला निघालो, तर हा म्हणतो, "बोल ना. गप्प का? पुढे काय काय दिसतंय ते सांग."

"तुला काय झालंय?"

"काही नाही. तुझा आवाज ऐकला की बरं वाटतं."

मी मागच्या मागे पडायचीच बाकी होते. चौतीस वर्षांत या माणसाला माझा आवाज बरा वाटला नव्हता. बरं, मला काय, बोलायला पैसे पडत नाहीत. एमू दिसला, ट्रक आला, डावीकडे खड्डा आहे, अमक्याने कुंपण बदललंय, ढग बघ कसा पसरलाय. जाताना सगळा रस्ता मी वाजत होते आणि हा मन लावून ऐकत होता. येताना मात्र पोट भरलेलं, ऊन पाठीवर, मला डुलकी लागली. जाग आली तेव्हा गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती. म्हणाला, इंजिनाचा आवाज जरा वेगळा वाटला म्हणून थांबलोय. मला काही वेगळा वाटला नाही.

मग वर्तमानपत्र. रोज ते आधी याच्या ताब्यात असायचं, आता म्हणतो, तूच वाचून दाखव. मग वॉल्व्हची फट मोजताना पातळ पट्ट्यांचा जुडगा माझ्या हातात दिला. "आकडा तू वाच, माझा चष्मा घरात राहिलाय." चष्मा त्याच्या खिशात होता. मी म्हटलं, वा, आता मला मेकॅनिक केलंय, काय लोणी लावणं चाललंय.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो माझ्याकडे बघेना. बोलताना नजर माझ्या कानाच्या पलीकडे कुठेतरी. मी सरकले की त्याची नजरही सरकायची, पण माझ्या डोळ्यांत म्हणून यायची नाही. नजर चुकवणाऱ्या माणसाच्या मनात काय असतं ते मला कोणी शिकवायला नको.

समोरच्या घरातल्या डल्सीला मी एवढं सगळं सांगितलं. तिचा नवरा कीथ लायलचा जुना दोस्त.

"बाई आहे," डल्सी म्हणाली. चहात बिस्किट बुडवून, हवापाण्याबद्दल बोलावं तसं.

"लायलला? त्याचं पोट बघितलंस का?"

"पोटाचं काय घेऊन बसलीस. तो रोज सकाळी जातो कुठे?"

"मिनिपाला. इंजिन तापवायला. रोझलिनच्या टपरीवर चहा घेतो आणि परत येतो."

डल्सीने नुसत्या भुवया वर केल्या. रोझलिनचा नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती आणि हिच्या कपाळावर एक आठी नाही, हे आम्ही दोघींनी आधीच बोलून घेतलेलं होतं.

"आणि कीथ काय म्हणतो?" मी विचारलं.

"कीथ काही म्हणत नाही. लायलचं नाव काढलं की उठून बागेत जातो. हे गडी सगळे एकमेकांना सामील असतात, तुला सांगते."

त्या दिवसापासून मी पाळतच ठेवली. सकाळी लायल परत आला, आंघोळीला गेला, की मी शेडमध्ये. पुढच्या गावाला, मिनिपाला जाऊन आलेलं इंजिन असं तापलेलं असतं की त्यावर पाणी टाकलं तर चर्र व्हावं. मी सिलिंडरच्या बाहेरच्या पंखांसारख्या पट्ट्यांवर तळवा ठेवला. कोमट. हात कितीही वेळ ठेवावा. दुसऱ्या दिवशी तेच. मग मी तेलाचं झाकण फिरवून काढलं आणि उलटं केलं.

आत पांढरट, चिकट थर होता. दही विरजायला ठेवलेल्या भांड्याच्या कडेला असतो तसा. तेल आणि पाणी घुसळून होतो तो. चौतीस वर्षं बॅटरी धरून या माणसाच्या शेजारी उभी राहिले आहे, मला तो ओळखता येणारच. तो थर रोज मिनिपाला जाणाऱ्या गाडीत होत नाही. जी गाडी रोज सुरू होते, दोन पावलं जाते आणि थंडच बंद होते, तिच्यात होतो. काट्याकडे बघितलं, तर एलिस्टनहून आल्यापासून आकडा जेमतेम हलला होता.

म्हणजे हा मिनिपाला जातच नव्हता. गावातच कुठेतरी जात होता. आणि मला चक्रावून टाकलं ते झाकणानेच. लायल हे झाकण रोज उघडून बघतो. एवढासा डाग असला तरी फडक्याने पुसतो आणि दिवसभर तोंड पाडून बसतो. त्याने हा थर तसाच राहू दिला होता. मी म्हटलं, ज्या बाईपायी हा आपलं इंजिनसुद्धा विसरला, ती साधीसुधी नसणार.

तरी खात्री करावी म्हणून मी रोझलिनला फोन लावला.

"लायल आला होता का गं आज?"

"लायल? ईस्टरनंतर तोंड नाही दाखवलं त्याने. गाडी बिघडली की काय? पाच लाख व्हायच्या आधीच?"

"नाही नाही, सहज विचारलं."

"त्याला म्हणावं, त्याच्या कपाला कोळ्याने जाळं केलंय."

किती सहज बोलली बघा. मी फोन ठेवला आणि माझा संशय दुप्पट झाला. एक तर ही अट्टल खोटारडी होती, नाहीतर बाई दुसरीच कुणी होती, आणि दुसरी म्हटल्यावर गावातल्या एकेकीचा चेहरा डोळ्यांपुढे यायला लागला. पोस्टातली, ग्रंथालयातली, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी. त्या आठवड्यात मी कोणाशीच धड बोलले नाही. डल्सीशीसुद्धा नाही, कारण एकदा तर मला डल्सीचाच संशय आला.

शुक्रवारी सकाळी लायल निघाला. जॅकेटची चेन लावली, माझ्या कानाला "येतो" म्हणाला. तो कोपऱ्यावर वळल्याबरोबर मी आमचा जुना पिकअप काढला. मोठ्या रस्त्याला न लागता तो मागच्या मातीच्या वाटेने गेला, आणि तेही इतकं हळू, की मला पिकअप दोनदा थांबवावा लागला. मनात म्हटलं, धूळ उडू नये म्हणून बघ कसा चोरपावलांनी जातोय. कुठे, तर धान्याच्या कोठारांच्या मागे, जुन्या रेल्वे फाट्यावर. हंगाम नसला की तिथे चिटपाखरू नसतं. भेटायला जागा तर फर्मास शोधली होती.

मी मॅलीच्या झुडपांआड पिकअप लावला आणि खिडकी खाली केली. लायलने इंजिन बंद केलं, हेल्मेट काढलं आणि फलाटाच्या सिमेंटच्या कडेवर बसला. एक हात गाडीच्या टाकीवर. मी वाट बघत होते. आता गाडी येईल. पांढरी येईल की निळी, एवढंच बघायचं होतं. खाली सांडलेले गव्हाचे दाणे टिपायला गुलाबी काकाकुवांचा थवा आला, टिपून उडून गेला. कोणीही आलं नाही. लायल हललासुद्धा नाही. मिनिपाला जाऊन, चहा पिऊन परत यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ तो तिथे नुसता बसून काढत होता, हे माझ्या हळूहळू लक्षात आलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. फसवायचंच होतं तर निदान फसवण्यासारखं काहीतरी करायचं.

दार आपटून मी उतरले आणि तरातरा त्याच्याकडे चालत गेले. खडीवर पाय वाजत होते. त्याने मान वर केली आणि सरळ माझ्याकडे बघितलं. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच.

"कोण आहे?"

आता हे नवीन सोंग, असं मनात आलं. मी उत्तर दिलं नाही. दहा पावलांवर उभी होते मी. अंगात लाल कोट होता, त्यानेच आणलेला.

"कीथ, तू आहेस का?" तो म्हणाला.

सोंग असं नसतं. त्याच्या चेहऱ्यावर परक्या माणसासाठी असतं तसं ओशाळं हसू होतं.

"मी आहे," मी म्हटलं.

ते हसू गेलं. त्याने मान जराशी वळवली, नजर माझ्या कानापलीकडे लावली, आणि मग म्हणाला, "ग्लेन."

"माझ्याकडे बघून बोल."

"बघतोच आहे. सरळ बघितलं ना, की तुझ्या चेहऱ्याच्या जागी नुसता धुरकट डाग दिसतो. असं बाजूला बघितलं की कडेकडेने तू थोडी दिसतेस. नाक दिसतं. रागावलेली आहेस तेही कळतं."

मी त्याच्या शेजारी सिमेंटवर बसले.

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून, जानेवारीपासूनच. मे महिन्यात कीथबरोबर व्हायला शहरात गेलो होतो ना, टायर बघायला. टायर नव्हता. डोळ्यांचा डॉक्टर होता."

"काय म्हणाला?"

"एक डोळा गेल्यात जमा आहे, दुसरा त्याच्या मागून निघालाय. चालवू नका म्हणाला. काहीच."

म्हणजे कीथला माहीत होतं. मला नव्हतं. मला एवढं वाईट वाटलं की ते कुठे ठेवावं कळेना. मी म्हटलं, "बाई असती तर बरं झालं असतं."

"कोण बाई?"

"रोझलिन."

तो पोट हलेपर्यंत हसला. "रोझलिन? तिचा चहा पिऊन माणूस जिवंत परत येतो तेच पुष्कळ."

मलाही हसू आलं. आम्ही दोघंही वेड्यासारखे हसलो, आणि हसता हसता मी थांबले. डॉक्टर मे महिन्यातला.

"लायल, एलिस्टनला आपण जूनमध्ये गेलो."

त्याने टाकीवरचा हात काढून घेतला.

"डॉक्टरने सांगितल्यानंतर. मला मागे बसवून."

"तू मागे होतीस म्हणूनच गेलो," तो म्हणाला. "एकटा मी इथवरच येतो, त्या मातीच्या वाटेने, पाय जमिनीला टेकवत. पण तू बोलत असलीस ना, की मला रस्ता दिसतो. ट्रक आला, खड्डा आला, वळण आलं, तू सगळं सांगतेस. तुला डुलकी लागली तेव्हा मी थांबलो की नाही? कोणाला ओरखडा तरी आला का?"

तीन डब्यांचे ट्रक आमच्या अंगावरून वारा उडवत गेले होते आणि मी त्याला ढगांबद्दल सांगत होते. मला वाटत होतं मी बडबडतेय. चालवत मीच होते, आणि मला कोणी सांगितलंही नव्हतं. त्याला दोन्ही हातांनी ढकलून त्या फलाटावरून खाली पाडावं असं वाटलं. आणि त्याच वेळी त्याचं डोकं मांडीवर घ्यावं असंही वाटलं. दोन्हीतलं काहीच केलं नाही.

"झाकणाखाली पांढरं साचलंय," मी म्हटलं. "तेलाच्या."

"शक्यच नाही. मी रोज बघतो."

"बोटभर जाड आहे. तू रोज इथे येऊन थंड गाडी बंद करतोस, मग दुसरं काय होणार?"

त्याने उठून चाचपडत झाकण काढलं, आतून बोट फिरवलं, बोटावर आलेलं अंगठ्याने चोळून पाहिलं. मग वास घेतला. डोळ्यांबद्दल सांगताना त्याचा आवाज हलला नव्हता, पण आता किती तरी वेळ तो ते बोट रुमालाला पुसत राहिला.

"म्हणजे मीच तिला मारतोय," तो म्हणाला. "एवढी वर्षं लोकांना सांगत आलो आणि शेवटी मीच." मग माझ्या दिशेने वळून घाईघाईने म्हणाला, "ग्लेन, एकदा चांगली तापवली की सगळं उडून जाईल. तू मागे बस, आत्ता. मिनिपापर्यंत. सरळ रस्ता आहे, सकाळी चिटपाखरू नसतं. तू बोल, मी चालवतो. आणि सप्टेंबरातही तसंच करू. नलारबोरवर तर वळणच नाही. थोडेच राहिलेत गं."

तुम्ही मला वेडी म्हणाल, पण माझ्या मनात आलं, काय हरकत आहे. रस्ता खरंच सरळ आहे. माझं बोलणं तर कधी संपत नाही. आणि आता तो खोटं बोलत नव्हता, सगळं मला माहीत होतं, मग मागे बसायला अडचण कसली? मी उठले होते. हेल्मेट पिकअपच्या मागच्या सीटवर असतंच, ते आणायला निघालेही होते.

तेवढ्यात कोठारांच्या पलीकडे मोठ्या रस्त्यावरून इंजिनाचा आवाज आला.

"थांब," मी म्हटलं. "ते काय येतंय सांग."

लायलने मान तिरपी केली. आधी ऐकलं, मग डोळ्यांच्या कडेने रस्त्याकडे बघितलं. घाई केली नाही. वॉल्व्हबद्दल बोलताना त्याचा जो आवाज असतो त्याच आवाजात म्हणाला, "ट्रक. रिकामा आहे. किंबाकडे चाललाय."

"शाळेची बस आहे, लायल."

त्याने मान सरळ केली.

"पोरं हात करतायत आपल्याला," मी म्हटलं.

त्याने हात वर केला आणि हलवला. बस केव्हाच पुढे निघून गेली होती. मी ते सांगितलं नाही. हात खाली घेतल्यावर त्याने वाकून गाडीची चावी काढली.

"घे," तो म्हणाला, आणि चावी माझ्या हातापासून वीतभर बाजूला, रिकाम्या हवेत पुढे केली. मी हात तिथे नेला.